म्युनिकच्या दक्षिणेचे डोंगर: सह्याद्रीतल्या ट्रेकरने सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा: “पुण्याहून नोकरीसाठी म्युनिकला आलोय. सह्याद्रीत बरीच वर्षं ट्रेक केलेत, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड झाला, अलंग-मदन-कुलंग झालं. इथे आल्यावर थेट त्सुगश्पित्स, म्हणजे जर्मनीतलं सर्वांत उंच शिखर, करायची इच्छा होती, पण ऑफिसातले लोक म्हणतात आधी पायथ्याचे डोंगर कर. ते तर दीड-पावणेदोन हजार मीटरचेच आहेत. त्यांत एवढं काय आहे? सुरुवात कुठून आणि कोणत्या महिन्यात करू? शिवाय मे महिन्यात आई-बाबा येणार आहेत, त्यांना कुठे नेता येईल?”

ऑफिसातल्या लोकांचं ऐका. लोइझाख आणि इन या दोन नद्यांच्या मधला जो डोंगरपट्टा आहे, त्याला इथे बायरिशे फोरआल्पेन म्हणतात. मोठ्या आल्प्सची रंगीत तालीम म्हणून तिथे जाऊ नका, तो स्वतःच एक भरलेला डोंगरी मुलूख आहे. त्यातलं सर्वांत उंच शिखर क्रोटनकोप्फ, २,०८६ मीटर. बाकीची नावाजलेली शिखरं बहुतेक १,५०० ते १,९०० मीटरच्या दरम्यान. इथल्या आल्पाइन क्लबच्या एका शाखेचा स्वयंसेवक म्हणून मी बरीच वर्षं याच पट्ट्यात लोकांना घेऊन जातो. भारतातून नव्याने आलेल्या ट्रेकरांना माझं पहिलं सांगणं हेच असतं की इथे डोंगर उंचीवरून निवडू नका. महिना बघा, वाटेचा प्रकार बघा, आणि घड्याळ बघा.

उंचीचा आकडा का फसवतो ते सांगतो. योखबेर्ग १,५६५ मीटर आहे, म्हणजे साल्हेरपेक्षा दोन मीटर कमीच. हिर्शबेर्ग १,६७० मीटर, कळसूबाईपेक्षा जेमतेम २४ मीटर जास्त. तुमच्या पायांना यात नवं काही नाही. पण साल्हेर २१ अंश अक्षांशाच्या आत आहे आणि योखबेर्ग साडेसत्तेचाळीसच्या पुढे. त्यामुळे त्याच उंचीवर इथे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फ असतो, आणि उत्तरेकडच्या घळींमध्ये तो मेअखेर, कधी जूनपर्यंत टिकतो. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. म्युनिक स्वतः ५२० मीटरवर आहे. शहरात १४ अंशांचा पाऊस पडत असेल तर शिखरावर सहा-सात अंश आणि वर वारा.

इथेच सह्याद्रीतली एक सवय पहिल्या दिवसापासून सोडावी लागते. आपल्याकडे पाऊस म्हणजे ट्रेकचा हंगाम. जुलैत भिजत राजगड चढायचा, ओल्या कपड्यांनीच बसमध्ये बसायचं, पिठलं-भाकरी खाल्ली की सगळं ठीक. आपला पाऊस कोमट असतो म्हणून हे चालतं. इथे ओला कॉटनचा टी-शर्ट आणि खिंडीतला वारा एकत्र आले की तासाभरात माणसाचं बोलणं अडखळायला लागतं, बोटांना बुटाची नाडी बांधता येत नाही. ऑगस्टमध्येसुद्धा. वायव्येकडून येणारे ढग या डोंगररांगेला अडतात आणि दोन-दोन, तीन-तीन दिवस बरसत राहतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जे होतं तेच, फक्त थंड. स्थानिक माणूस अशा दिवशी घरी बसतो. तुम्हीही बसा. आल्पाइन क्लबचा डोंगरांसाठीचा वेगळा हवामान अंदाज असतो, तो आदल्या संध्याकाळी वाचा, आणि सकाळी निघायच्या आधी त्या डोंगरावरच्या वेबकॅमवर नजर टाका. जवळजवळ प्रत्येक रोपवेच्या वरच्या स्थानकावर कॅमेरा असतो.

मग चांगला काळ कोणता? माझ्या मते सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. हवा स्थिर, वादळं कमी, वाटा कोरड्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक अप्रतिम गोष्ट घडते. म्युनिक दिवसभर करड्या धुक्याखाली असतं, लोक दिवे लावून बसलेले असतात, आणि तुम्ही हजार-बाराशे मीटरवर पोचलात की धुकं खाली राहतं आणि वर लख्ख ऊन. दक्षिणेकडून फ्योन नावाचा कोरडा, उबदार वारा वाहतो तेव्हा तर शंभर किलोमीटरवरची शिखरं हाताला लागतील अशी दिसतात. मात्र त्याच दिवशी कड्यावर वारा उभं राहू देत नाही, आणि फ्योन कोसळला की हवा काही तासांत पालटते.

उन्हाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्ट, शत्रू वेगळा आहे: दुपारचं वादळ. आपण ऊन चुकवायला पहाटे निघतो, इथे वीज चुकवायला निघायचं. गरम दिवशी अकराच्या सुमारास फुलकोबीसारखे ढग उंच वाढायला लागतात आणि दोन-तीन वाजता गडगडाट सुरू होतो. अशा दिवशी दुपारी एकच्या आत धार सोडलेली असली पाहिजे. वीज चमकल्यापासून आवाज यायला तीस सेकंदांहून कमी वेळ लागला, तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे. शिखरावरच्या क्रॉसपासून, वाटेवर आधारासाठी लावलेल्या तारेच्या दोरांपासून आणि एकट्या झाडापासून दूर व्हा. धारेवरून खाली उतरा. जागाच नसेल तर पाय जुळवून, खाली सॅक ठेवून, तिच्यावर उकिडवे बसा.

आता दगड. सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा, इथले डोंगर वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडीचे आणि डोलोमाइटचे. वाचायला हे भूगोलाच्या पुस्तकातलं वाटेल, पण बुटाखाली त्याचा फरक लगेच कळतो. आपला कातळ खरबरीत असतो, कोरडा असेल तर ‘ॲक्शन ट्रेकिंग’चे बूटसुद्धा त्याला चिकटून बसतात. चुनखडी मात्र हजारो पावलांनी घासली जाते आणि ओली झाली की साबण. डोलोमाइट बारीक तुकड्यांत फुटतो, त्यामुळे वाटेवर गोटीएवढ्या खड्यांचा घसारा असतो. शिवाय चुनखडी पाणी गिळते. पाऊस पोटात जातो आणि खाली दरीत झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणून धारेवर पाणी मिळत नाही, आणि गडांवर असतात तशी खोदीव टाकी इथे नाहीत. दोन लिटर खालून भरून न्या.

दोन प्रकारचं रान ओळखायला शिका. एक, लाचन. ही बुटक्या पाइनची कंबरभर ते डोक्याएवढी दाट झुडपं. आपली कारवी माणूस वाकवून पुढे जाऊ शकतो, लाचनमधून नाही जाता येत. वाट चुकलात तर त्यात घुसू नका, मागे फिरा. दुसरं, श्रोफन. गवत, माती आणि सुटे दगड यांचा तीव्र उतार. दिसायला हिरवा, मऊ, घातक न वाटणारा. खडा कडा पाहून माणूस आपोआप सावध होतो, गवत पाहून होत नाही, आणि या पट्ट्यात माणसं गवतावरूनच घसरतात. ओल्या गवतावर एकदा घसरलं की थांबायला काहीच नसतं. शॉर्टकट घ्यायची आपली खोड इथे पूर्ण बंद.

वाटांच्या खुणा मात्र फार चांगल्या आहेत. पिवळ्या पाट्यांवर ठिकाण, वेळ आणि रंगीत ठिपका असतो. निळा म्हणजे सोपी वाट, लाल म्हणजे मध्यम, अरुंद आणि काही ठिकाणी दृष्टिभय, काळा म्हणजे अवघड, हात वापरावे लागतील, घसरलात तर निभावणार नाही. पाटीवरची वेळ विश्रांती धरून नसते. आडाखा सोपा आहे: ताशी ३०० मीटर चढ, ५०० मीटर उतार, सपाटीवर ४ किलोमीटर. उंचीचा वेळ आणि अंतराचा वेळ वेगवेगळा काढायचा, मोठा आकडा पूर्ण घ्यायचा आणि लहान आकड्याचा निम्मा त्यात मिळवायचा. समजा ९०० मीटर चढ आहे आणि अंतर ६ किलोमीटर. चढाचे तीन तास, अंतराचा दीड तास, त्याचा निम्मा पाऊण. झाले पावणेचार तास. उतरायला साधारण अडीच. म्हणजे सव्वासहा तास निव्वळ चालणं, त्यावर जेवण, फोटो, विश्रांती. डिसेंबरात इथे सव्वाचार-साडेचारला सूर्य मावळतो हे लक्षात ठेवून हिशेब करा. हेडटॉर्च बारा महिने सॅकमध्ये.

खुणा चांगल्या असण्याचा एक तोटाही आहे. सह्याद्रीत आपण गावात मामांना वाट विचारतो, सोंड ओळखतो, मागे वळून खिंड लक्षात ठेवतो. इथे माणूस ठिपक्यांमागे चालत राहतो आणि डोंगर वाचणं सोडून देतो. पहिल्या ताज्या बर्फाने ठिपके झाकले की तो हरवतो. तुमच्याकडे ती जुनी सवय आहे, ती सोडू नका. क्लबचा १:२५,००० चा कागदी नकाशा घ्या आणि घरी बसून नीट वाचा.

आता प्रत्यक्ष डोंगर, मी ज्या क्रमाने करायला सांगेन त्या क्रमाने.

पहिला योखबेर्गच. म्युनिकहून रेल्वेगाडीने कोखेल, तिथून बसने केसेलबेर्गची खिंड. खिंड ८५८ मीटरवर आहे, म्हणजे चढ सातशे मीटरचा. वाट बीचच्या रानातून सुरू होते आणि पहिला तासभर मुळांवरून चढते. ही मुळं पावसानंतर बुळबुळीत होतात, पाऊल मुळावर नको, दोन मुळांच्या मधल्या मातीत टाका. मग झाडी विरळ होते आणि डाव्या हाताला अचानक उत्तरेचा कडा उघडतो. तिथून माथ्यापर्यंत वाट सोपीच आहे, पण कड्याच्या कडेने जाते, आणि फोटोसाठी मागे सरकणाऱ्या माणसाला मी दंडाला धरून ओढतो. माथ्यावरून एका बाजूला कोखेलझे, दुसऱ्या बाजूला वाल्खनझे, आणि दोन्ही तळ्यांच्या पातळीत दोनशे मीटरचा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो. हाच फरक वापरून १९२४ मध्ये इथलं जलविद्युत केंद्र सुरू झालं. ऑस्कार फॉन मिलर या अभियंत्याने त्याचा ध्यास घेतला होता. वरून पाणी नेणारे जाडजूड पाइप कोखेलझेच्या काठी उतरताना दिसतात. कोयनेच्या खोऱ्यात हिंडलेल्या माणसाला हे दृश्य चांगलंच ओळखीचं वाटेल.

दुसरा रोटवांड, १,८८४ मीटर. बायरिशत्सेलच्या गाडीने फिशहाउसन-नॉयहाउस, मग बसने श्पित्सिंगझे तळं. तिथून आठशे मीटर चढ, बराचसा रुंद रस्त्याने, वर निवारा-घर आणि जेवण. इथे तुम्हाला इथली धार कशी असते ते कमी धोक्यात कळेल. हिवाळ्यात मात्र याच भागात रानकोंबड्यांसाठी राखीव पट्टे असतात, त्यांत जायचं नाही.

यानंतर ब्रेखरश्पित्स, १,६८३ मीटर. पश्चिम धारेवर थोडा भाग तारेच्या दोराचा आहे. तिथे अडखळलात तर पुढचा डोंगर अजून नको.

चौथा हेर्त्सोगश्टांड ते हाइमगार्टन. हेर्त्सोगश्टांड १,७३१ मीटर, त्याच्यावर वाल्खनझेहून रोपवे जातो, आणि घोटाळा तिथेच होतो. रोपवेने वर आलेली माणसं, पायात धावायचे बूट, हातात अर्ध्या लिटरची बाटली, समोर हाइमगार्टनपर्यंत जाणारी सुंदर धार पाहतात आणि निघतात. धार दीड-दोन तासांची आहे, दोन्ही बाजूंना उतार, मधे तार, पाणी नाही, सावली नाही, आणि मधूनच खाली सटकायला वाटही नाही. कोरड्या, स्थिर हवेच्या दिवशी, खालून चालत, सकाळी लवकर निघून केलीत तर या पट्ट्यातला हा सर्वांत देखणा दिवस आहे. त्याखेरीज करू नका.

आणि मग रोसश्टाइन-बुखश्टाइन. दोन सुळके, १,६९८ आणि १,७०१ मीटर, आणि दोघांच्या मधल्या खिंडीत १,६५० मीटरवर टेगर्नझेअर ह्युटे हे निवारा-घर. बाइरवाल्डच्या बसथांब्यावरून दक्षिणेची वाट चढते, शेवटचा भाग तारेचा. बुखश्टाइनचा माथा गाठायला घरामागच्या एका घळीतून हातापायांनी चढावं लागतं. श्रेणी सोपी आहे, पण घळीतल्या धरायच्या जागा पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी आणि बुटांनी घासून इतक्या गुळगुळीत झाल्यात की कडेच्या खरबरीत दगडावर पाय ठेवणं बरं पडतं. तीन टेकू पक्के, चौथा हलवायचा, हा आपला रॉकपॅचचा नियम इथे जसाच्या तसा. उतरताना घळीकडे तोंड करून उतरा. गर्दी असेल तर खाली थांबा, वरून दगड येतात.

हे सगळं एका मोसमात निभावलंत की त्सुगश्पित्सचा विचार करा. राइनटालची तिथली सर्वांत सोपी वाटही सुमारे २१ किलोमीटर आणि २,२०० मीटरहून जास्त चढाची आहे, बहुतेक लोक मधे एक मुक्काम करतात.

गाडीबद्दल एक सूचना. म्युनिकहून टेगर्नझे, लेंगग्रीस आणि बायरिशत्सेलकडे जाणारी गाडी एकच असते आणि होल्त्सकिर्खेन व शाफ्टलाख इथे तिचे भाग सुटतात. डब्यावरची पाटी वाचून बसा. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या स्थानिक गाड्यांचा मासिक पास, या गाड्यांवर चालतं.

खाण्याचं. शाकाहारी असाल तर निवारा-घरात केझश्पेट्सले (चीज घातलेल्या जाड शेवया) आणि कायझरश्मारन (तुकडे केलेलं गोड पॅनकेक) मिळतात, दोन्हींत अंडं असतं. चीज-क्नोडलचं, म्हणजे चीज घातलेल्या पावाच्या गोळ्यांचं, सूप शाकाहारी दिसतं, पण त्याचं पाणी बहुधा गोमांसाचं असतं. विचारल्याशिवाय मागवू नका. स्वतःचा डबा तिथल्या बाकावर उघडणं बरं दिसत नाही, तो शिखरावर खा. रोख पैसे जवळ ठेवा. मुक्कामाला आधी जागा राखावी लागते, झोपायला स्वतःची पातळ खोळ न्यावी लागते, आणि रात्री दहाला शांतता. उघड्यावर तंबू ठोकायची मोकळीक इथे नाही.

डोंगरातल्या कुरणांवर गाई मोकळ्या असतात. वासरू बरोबर असलेल्या गाईच्या जवळ जाऊ नका, हात लावून नमस्कार करायचा मोह आवरा, लांबून वळसा घाला. बरोबर कुत्रा असेल तर गाय त्याच्यावर धावते. कुंपणाचं फाटक उघडलंत तर मागे लावा.

गोचीड हा इथला खरा विषय आहे आणि नव्या माणसाला तो कुणी सांगत नाही. जवळजवळ सगळा बव्हेरिया गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या जोखमीच्या क्षेत्रात येतो. त्यावर लस आहे, तीन डोस, फॅमिली डॉक्टरकडे मिळते. हिवाळ्यातच सुरू करा, म्हणजे उन्हाळ्याआधी संरक्षण तयार होतं. गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम आजारावर अशी लस इथे दिली जात नाही, म्हणून घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेला नीट तपासा आणि चिकटलेली असेल तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा.

आल्पाइन क्लबचं सदस्यत्व घ्या. १८६९ मध्ये म्युनिकमध्येच स्थापन झालेली ही संस्था आहे, आणि सदस्यत्वात डोंगरातल्या बचावकार्याचा विमा असतो. बेर्गवाख्ट म्हणजे डोंगर-बचाव पथक, १९२० पासून चालत आलेलं आणि बहुतांशी स्वयंसेवकांच्या बळावर उभं. जखम झालेली नसताना नुसते अडकलात, तरी सुटकेचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. मदतीचा नंबर ११२. ‘एसओएस ईयू आल्प’ हे ॲप तुमचं ठिकाण थेट नियंत्रण कक्षाला कळवतं. नेटवर्क नसेल तर शिट्टी किंवा टॉर्च: मिनिटात सहा इशारे, एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. मिनिटात तीन इशारे परत आले तर तुमचं ऐकलं गेलंय.

आई-बाबांसाठी मे महिना थोडा अडचणीचा आहे. खाली फुलं असतात, वर बर्फ, आणि काही रोपवे वसंत ऋतूत देखभालीसाठी बंद असतात. गुडघे चांगले असतील तर टेगर्नझे स्टेशनवरून थेट चालत नॉयरॉइट, १,२६१ मीटर, पाचशे मीटर चढ, रुंद वाट, वर जेवणाचं घर आणि समोर तळं. गुडघे साथ देत नसतील तर वेंडेलश्टाइन. ब्रानेनबुर्गहून १९१२ पासून दातेरी रुळांवरची गाडी वर जाते, साधारण अर्ध्या तासात सतराशे मीटरच्या वर पोचवते. वरच्या स्थानकाजवळ १८८९-९० मध्ये बांधलेलं छोटं चर्च आहे. बाबांना आकाशात रस असेल तर माथ्यावरच्या वेधशाळेत दोन मीटरची दुर्बीण आहे हे त्यांना सांगा. स्थानकापासून १,८३८ मीटरच्या माथ्यापर्यंत कठड्याची बांधीव वाट आहे, पण मेमध्ये ती बर्फामुळे बंद असू शकते, निघण्यापूर्वी वेबसाइटवर पाहा. दोघांनाही जाड जॅकेट, कानटोपी आणि पकड असलेले बूट द्या, साध्या चपला-सँडल नकोत. ब्रानेनबुर्गच्या रेल्वे स्टेशनपासून दातेरी गाडीचं स्थानक थोडं लांब आहे, तेवढ्यासाठी बस किंवा टॅक्सी ठरवा. आणि उतरतीच्या शेवटच्या गाडीची वेळ चढतानाच फोनमध्ये टिपून घ्या.